दुधाच्या गंजातली झडप

बाबा, आज दूध तापवताना तुमचा दोरा आठवला. महाराष्ट्र नुकताच झाला होता, मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, सुट्टीत बुलढाण्याला आले होते. गावातल्या डॉक्टरांची जुनी, हँडल मारून सुरू होणारी मोटार सारखी उकळायची, म्हणून तुम्ही तिचा थर्मोस्टॅट तुमच्या गॅरेजातून घरी आणला होता. इंजिनाचं पाणी तापलं की तोंड उघडून ते रेडिएटरकडे सोडणारी ती पितळी झडप. तुम्ही तिच्या मिटल्या तोंडात दोरा अडकवता, आईच्या दुधाच्या गंजात, त्या उभट पातेल्यात, पाणी घेऊन ती लोंबती सोडता. तोंड उघडलं की दोरा सुटतो, झडप टणकन खाली पडते. त्या वेळी बुडबुडे केवढे, यावर तुमचा निकाल.

"गॅरेजात भांडे नाहीत काय? उद्या चहाले ग्रीसचा वास येईन!" आई म्हणते.

"मंग साखर जास्त टाकजो. झडप चांगली हाय. रेडिएटरची जाळी चोंदली असन."

मी मात्र तुम्हीच अकोल्याहून आणलेलं थर्मामीटर पाण्यात धरलं होतं. झडप पडली तेव्हा पारा ब्याण्णववर; उघडायला हवी होती ब्याऐंशीच्या आसपास. "बाबा, ही उशिरा उघडते." तुम्ही आधी काचेकडे, मग माझ्याकडे पाहिलंत. "काच काय खोटं बोलन? नवी टाकू."

नवी झडप बसली, जाळी तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी अमडापूरच्या अलीकडे मोटार उकळून थांबली आणि डॉक्टर बैलगाडीतून रोग्याकडे पोचले. रोगी बरा झाला, पण डॉक्टर गॅरेजात आले तेव्हा मी तुमचा डबा घेऊन तिथेच उभी होते.

"मिस्तरी, तुम्ही तर म्हणाले होते, मुंबईपर्यंत न्या!"

"चूक माही, डॉक्टरसाहेब. म्या जाळी आधी साफ कराले पाहिजे होती."

माझ्याकडे तुम्ही पाहिलंही नाही. पुढे कितीतरी दिवस गिऱ्हाइकं विचारायची, "मिस्तरी, अमडापूरले जाऊ, का बैल जोडू?" आणि तुम्ही सगळ्यांत मोठ्यानं हसायचे.

डॉक्टर आले त्याच दुपारी मी जुनी झडप पुन्हा तपासली. थर्मामीटरचं टोक गंजाच्या बुडाला टेकत होतं, जाळ लागतो तिथेच. जरा वर धरलं, तर झडप ब्याऐंशीला उघडली. मी ते डायरीत लिहिलं, तुम्हाला सांगितलं नाही. जाळी आता साफ होणारच आहे, सांगून काय उपयोग, अशी समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. "माही पोरगी काचेत पाहून सांगते," हे गिऱ्हाइकांपुढचं तुमचं नेहमीचं वाक्य मला गमवायचं नव्हतं.

आठवड्यानं गॅरेजात गेले, तर आईनं दिलेल्या जुन्या गंजावर तुम्ही आडवी काडी ठेवली होती आणि तिला माझं थर्मामीटर दोऱ्यानं टांगलं होतं, बरोबर मधोमध.

"असं बरं रायते," तुम्ही म्हणालात. बस, एवढंच. तुम्हाला कळलं होतं का? काही दिवशी मला खात्री वाटते, आणि त्या दिवशी मी उगाच खूश असते.

आता मी शाळेत विज्ञान शिकवते. परवा चंचुपात्रावर काडी ठेवून थर्मामीटर टांगलं, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "बाई, हे पुस्तकात नाही. कोणी शिकवलं?"

"माझ्या वडिलांनी. मी चुकले होते तेव्हा."

वर्ग हसला, मीही हसले. छान वाटलं, बाबा. पण चूक मला त्याच दुपारी कळली होती, हे मी त्यांनाही सांगितलं नाही.