यांचा उन्हाळी वर्ग

प्रिय धाकटे,

रोज फोनवर बोलतो आपण, तरी ताईचं पाकीट आलेलं बघून तू आधी दचकशील आणि मग हसशील. हसून घे. पण या गोष्टी फोनवर बोलण्यासारख्या नाहीत. आमच्या भिंती पातळ, आणि हल्ली तुझा फोन आला की तुझे भावोजी हातातलं काम टाकून दाराच्या चौकटीला टेकून उभे राहतात. मी काय बोलते यापेक्षा तू काय बोलतेस हे ऐकायचं असतं त्यांना, असं मला वाटतं. म्हणून पत्र.

तर ऐक. यांचं काहीतरी चाललंय. ऊन तापायला लागलं तेव्हापासून पाणी कुठंतरी मुरतंय. एके दिवशी जेवता जेवता म्हणाले, बाजारापलीकडे पाट्यांचं नवीन काम मिळालंय, दुपारी जावं लागेल. मला आनंदच झाला. छापील फलक आल्यापासून हातानं रंगवलेली पाटी कोणाला हवी असते? पण रंगाऱ्याच्या कामाला जाणारा माणूस दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून जातो का? कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत अशा वेळी हे घरातून निघतात आणि संध्याकाळी परत येतात ते स्वच्छ हातांनी. लग्नापासून या माणसाच्या कॉलरवरचे रंगाचे डाग मी घासत आले. नखातला रंग, केसांतला टर्पेंटाइनचा वास, सगळं मला पाठ आहे. आता वास येतो तो साबणाचा. मी विचारलं नाही. विचारलं की माणूस सावध होतो.

शिवाय यांचे प्रश्न. तुला माहीतच आहे, यांनी जन्मभर दुकानांवर आकडे रंगवले. यांच्यासारखा आठ कोणी काढत नाही, पण आठ आणि सात किती म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघायचे. घरातलं बिल, पावती, कर, विमा, यांनी कधी हात लावला नाही. मी छापखान्याचे हिशोब सांभाळायचे, त्यात घरचे ते किती. आणि हा माणूस आता मला विचारतो, पाण्याचं बिल कितव्या महिन्यात येतं, टक्के म्हणजे शेकड्यामागेच ना. परवा मी संगणकावर विजेचं बिल भरत होते तर मानेला श्वास लागला. वळून बघते तर हे मागे उभे, ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटत. इथे दाबायचं, मग तिथे दाबायचं. माझ्या मनात पाल चुकचुकली. आजवर ज्याला बँक कुठल्या रस्त्यावर आहे ते ठाऊक नव्हतं, त्याला आताच ही अक्कल कशाला हवी? मी गुपचूप पासवर्ड बदलून टाकला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं असणार, कारण संगणकासमोरून उठले आणि खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालायला गेले. एकाच कुंडीत इतकं ओतलं की खालच्या मजल्यावरची बाई ओरडली. मला मात्र एका शब्दानं बोलले नाहीत.

हेच तर खटकतं. बोलत नाहीत, भांडत नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी छान झालीय म्हणतात. बादली मला उचलू देत नाहीत. जो नवरा जन्मभर प्रत्येक गोष्टीत आडवा आला, तो उठताबसता हो म्हणायला लागला तर बायकोनं काय समजायचं? या उन्हाळ्यात मी जरा उतरलेय. जुने कपडे अंगाबरोबर करून घ्यायला आम्ही दोघं शिंपिणीकडे गेलो, तर ती कौतुकानं म्हणाली, ताई, कुठला व्यायाम करता. मी हसून काहीतरी बोलणार, तोच हे तिच्यावर एकदम डाफरले, उन्हानं होतं सगळ्यांचं, तुम्ही मापं घ्या. बिचारी टेप गळ्यात तशीच घेऊन उभी राहिली. मला वाटलं, यांना माझ्याबरोबर चारचौघांत यायची लाज वाटायला लागली की काय.

मग औषधाच्या दुकानातल्या बाईनं उरलंसुरलं सांगितलं. गोळ्या काढता काढता, कपाटाकडे बघत म्हणाली, तुमचे हे वाचनालयाच्या जिन्यावर दिसले हो, बरोबर कोणी बाई होत्या, दोघं खूप हसत होते. मी म्हटलं, हो, नात्यातल्याच आहेत. तोंडानं म्हटलं. आणि सुटे पैसे घ्यायचे विसरून बाहेर पडले. या वयात, धाकटे. कोणाला सांगायचं तरी कसं? आमच्या घरात तिसरं माणूस नाही. आपलेच दात, आपलेच ओठ.

गेल्या गुरुवारी मी त्यांच्या मागे गेले. डोक्यावरून पदर घेऊन, चोरासारखी. ते वाचनालयात शिरले, मी समोरच्या चपला दुरुस्त करणाऱ्याकडे उगाच एक चांगली चप्पल शिवून घेतली आणि मग आत गेले. जिना काही फार मोठा नाही, पण अर्ध्यात मला बसावंच लागलं. ऊन बाधलं असेल. वर पोचले तर दारावर पाटी होती, ‘मोठ्यांसाठी उन्हाळी वर्ग: संगणक आणि रोजचं गणित’. ‘ळ’ बघितल्याबरोबर कळलं, पाटी यांच्या हातची.

दार उघडंच होतं. आत पंखे घरघरत होते आणि पिकल्या केसांची दहाबारा माणसं संगणकांपुढे बसली होती. यांच्या शेजारची ती बाई म्हणजे ऐंशीला टेकलेली, कानात यंत्र घातलेली एक आजी. हे पहिल्या रांगेत, माऊस दोन बोटांच्या चिमटीत धरलेला, बारीक ब्रश धरावा तसा. तेवढ्यात शिकवणाऱ्या मुलीनं त्यांना फळ्याशी बोलावलं, टक्केवारीचं उदाहरण सोडवायला. आकडे काय सुरेख काढले, आणि उत्तर चुकलं. बाहीनं पुसलं, परत मांडलं, परत चुकलं. तिसऱ्यांदा बरोबर आलं तेव्हा आजींनी टाळ्या वाजवल्या आणि हे शाळकरी पोरासारखे लाजले. मी खांबाआड तोंडावर हात धरून हसले. साप साप म्हणून भुई धोपटत होते मी इतके दिवस. तशीच घरी गेले असते तर आज तुला हे पत्र फार वेगळं आलं असतं.

पण पाय दुखत होते म्हणून जिन्याच्या पायरीवर टेकले. शिकवणारी मुलगी पाणी भरायला बाहेर आली. मला बघून म्हणाली, आजी, तुम्हालाही यायचंय का वर्गाला, कुणाकडून काही घेत नाही आम्ही. मी म्हटलं, बघतेय. कोण आहे ते सांगितलं नाही. ती बोलकी आहे. म्हणाली, ते पुढचे काका बघा, सुरुवातीला सगळ्यांत मागे होते, आता वर्ग सुटला तरी उठत नाहीत. घरचं सगळं बायको बघते म्हणतात, ते सगळं शिकवा मला. मी म्हटलं, का, बायकोनं संप केलाय? ती हसली नाही. बाटली नळाखाली धरून, माझ्याकडे न बघता हळूच म्हणाली, थंडी सुरू व्हायच्या आत सगळं यायला हवं, असं म्हणतात. नंतर विचारायला घरात कोणी नसेल, म्हणतात.

मग तिनं मलाही पाणी दिलं. मी प्यायले आणि घरी आले.

संध्याकाळी हे आले. पाट्यांचं काम कसं चाललंय, मी विचारलं. जोरात, म्हणाले. जेवणं झाल्यावर जरा घुटमळले आणि म्हणाले, या वेळी गॅसचा नंबर मी लावून बघू का, सहज. मी खुर्ची दिली. एका बोटानं एकेक अक्षर शोधत होते. पत्त्यात मजला चुकीचा टाकला. मला दिसला. एरवी मी हात झटकून माऊस हिसकावला असता. त्या दिवशी हात मांडीवरच ठेवले. बऱ्याच वेळानं त्यांचं त्यांनाच दिसलं, त्यांनी खोडून बरोबर लिहिलं. झालं, असं म्हणून माझ्याकडे वळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता का दुसरं काही, ते मला बघवेना. भांडी घासायची आहेत म्हणून मी आत गेले.

धाकटे, उन्हाळ्याच्या सुरुवातीला तू मला तपासायला तुझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलंस, तेव्हा मी शेजारच्या खोलीत कपडे बदलत होते आणि तू आणि हे डॉक्टरांसमोर बसला होतात. मी बाहेर आले तेव्हा हे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते आणि तुझे कपाळावरचे केस ओले होते. तोंड धुतलं होतंस तू. काही नाही गं, अशक्तपणा आहे, म्हणालीस, किती गोड आवाजात. तेव्हापासून तुझा रोज फोन येतो. आधी महिना महिना यायचा नाही. खोटं बोलताना तुझा आवाज गोड होतो, आणि फोनवर मी त्याला दरवेळी फसते. कागदावर तुला खोटं जमत नाही. वसतिगृहातून ‘मी मजेत आहे’ लिहायचीस आणि पुढच्याच ओळीत घरी न्या म्हणायचीस. म्हणून हे पत्र. डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहून कळव, सगळं, आणि माझ्या नावानं पाठव. टपाल सकाळी येतं, तेव्हा हे अंघोळीला असतात. मी विचारलं हे त्यांना सांगू नकोस. वर्ग अजून संपलेला नाही, त्यांना निवांत शिकू दे. मी शिकवलं असतं तर लवकर आलं असतं, पण मला ते कुठल्या तोंडानं विचारणार होते?

तुझ्या उत्तराची वाट बघणारी,
तुझीच,
ताई