वॉशर पक्का बसला की अकोला

१२ ऑगस्ट २००६, शनिवार. सकाळी ७
निर्णय झाला. गाडीचं ऑइल मी स्वतः बदलणार. मेकॅनिकचा हात लागू देणार नाही. मारुती जुनी असली तरी इंजिन वाघ आहे.

पुढच्या रविवारी अकोल्याला जाऊन शकुनला घेऊन येणार. राखीला भावाकडे, केशवरावांकडे, गेली आहे. आपल्याकडे बायको माहेराहून आपली आपण येत नाही, घ्यायला जावं लागतं. जाणार. पण रुबाबात, स्वतःच्या गाडीनं. महालक्ष्म्या ३१ तारखेला बसतात आणि घरच्या बाईच्या हातानंच बसतात. भरपूर वेळ आहे.

१३ ऑगस्ट
ऑइल सोडायला खाली एक नट असतो. त्याच्या मागे नखाएवढी चकती. पुस्तकात तिला गॅस्केट म्हटलंय, दुकानदार गुलाम नबी वॉशर म्हणतो. दर वेळी नवीन टाकावी असं पुस्तक सांगतं. शिस्त आवडली.

तीन प्रकार निघाले. तांब्याचा, ॲल्युमिनियमचा, फायबरचा. गुलाम नबीनं ॲल्युमिनियमचा पुढे सरकवला. म्हणे, "हाच न्या खुशालरावभाऊ, सारे हाच नेतात." सारे नेतात म्हणून मी नेत नसतो. बावीस वर्षं जिनिंगमध्ये ग्रेडर होतो. कापूस चिमटीत धरून धाग्याची लांबी सांगायचो. कापूस येईना म्हणून मार्चमध्ये जिनिंग बंद पडली, माझी नजर बंद पडलेली नाही. विचार करून सांगतो म्हटलं. काहीच न घेता आलो.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. दुकान बंद. माझा नाइलाज.

१७ ऑगस्ट
तिन्ही घेतले.

केशवरावांचा फोन. "जवाईबुवा, कवा येता?" म्हटलं, वॉशरचं फायनल झालं की निघालोच. त्यांनी मला तेच पुन्हा दोनदा सांगायला लावलं. लाइन खराब असावी. शकुनला द्या म्हटलं तर म्हणे कामाले गेली. कसलं काम ते मी विचारलं नाही. लोकांच्या घरात नाक खुपसू नये.

१९ ऑगस्ट, दुपार
ऑइल बदललं. अर्धं पातेल्यात, अर्धं बनियनवर. वॉशर तांब्याचा टाकला, कारण धातू खानदानी. उद्या सकाळी सहाला प्रस्थान. इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

२० ऑगस्ट, रविवार
ठिबकतंय. मिनिटाला चार थेंब. अर्धा तास घड्याळ लावून बसलो होतो, त्यामुळे आकडा पक्का. येताना मूर्तिजापूरजवळ इंजिन बसलं आणि शकुनला रस्त्याच्या कडेला उभं राहावं लागलं तर काय इज्जत राहील? ही तिचीच काळजी. केशवरावांना कळवलं. शकुन फोनवर आली नाही, मागे तिच्या खोकल्याचा आवाज आला. खोकला तिचाच. पंचवीस वर्षांत एवढं तरी ओळखतो.

२३ ऑगस्ट, पोळा
तांबं लाल तापवून पाण्यात टाकलं की मऊ होतं आणि मग घट्ट बसतं, असं शेजारच्या सोनाराकडून कळलं. गॅसवर तापवलं. सांडशीतून निसटलं, ओट्यावर काळा डाग. शकुनला दिसणार नाही असा कोपरा आहे. पुन्हा बसवलं. थेंब आता दोन. प्रगती आहे.

निघताही आलं असतं, पण आज बुधवार. बुधवारी लेक सासरी पाठवत नाहीत. मी रूढी मानत नाही, पण समोरच्यांचं मन मोडू नये.

२६ ऑगस्ट
फायबरचा टाकून पाहिला. पान्याला पाइप लावून जोर दिला. नटाचे आटे गेले. गाडीखाली पडून राहिलो. वर यायला कारण सापडेना.

एक गोष्ट इथं लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही. ती निघाली त्या दिवशी माझ्या तोंडून एक वाक्य गेलं. साधंच होतं. नवरा-बायकोत होतं.

२८ ऑगस्ट
वाक्य साधं नव्हतं. जिनिंग बंद झाल्यावर तिनं ब्लाउज शिवायचं काम धरतो म्हटलं. मी म्हटलं, बाईच्या कमाईची पोळी मी खाणार नाही, जातेस तर जा, या घरात परत पाय ठेवू नको. ती पिशवी भरत होती. तिनं हात थांबवला नाही. मी घरातच असून तिला बसस्टँडवर सोडायलाही गेलो नाही. गाडी दारात उभी होती.

३० ऑगस्ट, बुधवार
गाडी ढकलत गुलाम नबीकडे. तो खाली गेला, हसत वर आला. आधीचा जुना वॉशर वरच चिकटून बसला होता, मी प्रत्येक नवा त्याच्यावर चढवत होतो. म्हणे, "जुना काढल्याबिगर नवा कसा बसंन भाऊ?" दुसरा नट लावला, ॲल्युमिनियमचा वॉशर टाकला. दहा मिनिटं. मग सहज विचारलं, "अकोल्यालेच जायाचं व्हतं त येष्टीनं कावून नाई गेले? अर्ध्या घंट्याले गाडी हाय." मी म्हटलं, सामान असतं. सामान कसलंच नव्हतं. मला भीती होती की ती नाही म्हणेल. वॉशर पक्का बसत नव्हता तोवर तिचं 'नाही' ऐकावं लागणार नव्हतं.

३१ ऑगस्ट
गाडीखाली पेपर अंथरला. एक दिवस पाहिलेलं बरं. संध्याकाळपर्यंत पेपर कोरडा. महालक्ष्म्या आज बसायच्या, पण माणूस अडचणीत असला की देवीही एक दिवस सांभाळून घेते. आईच्या वेळचे पितळी मुखवटे पेटीतून काढले, धोतरात गुंडाळून मागच्या सीटवर ठेवले. उद्या येताना रस्ताभर तिच्या मांडीवर राहतील.

२ सप्टेंबर, शनिवार. सकाळ
काल अकोल्याला गेलो. गाडीनं वाटेत काही त्रास दिला नाही.

शकुन केशवरावांच्या घरात नव्हती. त्यांनी मागच्या गल्लीकडे बोट दाखवलं. एक खोली, दारात रांगोळी, कोपऱ्यात शिलाई मशीन. समोर महालक्ष्म्या बसलेल्या, मुखवटे नवेकोरे, मातीचे. मी दारातच उभा राहिलो. तिनं पाट मांडला, पाणी दिलं. मी म्हटलं, मी तुला घ्यायला आलो. म्हटलं, ते वाक्य मी बोलायला नको होतं.

ती म्हणाली, "काल दिवे लागेलोक वाट पायली. दाराशीच बसून व्हतो. मंग बजारात गेलो, मुखवटे आनले, बसवल्या."

मी विचारलं, आता? ती म्हणाली, जिथं एकदा बसल्या, तिथंच दरसाल बसवाव्या लागतात. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी काही बोलू शकलो असतो.

मग पान वाढलं. पुरणपोळी, आंबील, सगळं तिच्या कमाईचं. मी खाल्लं. निघताना माझ्या मागे दारापर्यंत आली आणि म्हणाली, "घरी गेल्यावर फोन करा केशवदादाले. पोचले म्हून कळंन." पंचवीस वर्षं पाहुण्यांना ती असंच सांगायची.

बडनेऱ्याच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली आणि रडलो. मला ती घरी हवी आहे. फोन अजून केलेला नाही.