दिवसाची खाट

आई,

तुला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी माझ्या घरात भांडणं लावायचं तू काही सोडत नाहीस. तुझ्या नातीला, जिला तू पाहिलंच नाहीस तिला, नागपूरला प्रवेश मिळालाय. हॉस्टेलमध्ये जागा नाही. हे म्हणतात, तीन-चार वर्षांचा तर प्रश्न आहे, भाड्यानं खोली घेऊ. माझे दीर म्हणतात, भाड्यात पैसे घालवण्यापेक्षा छोटा फ्लॅटच घेऊन टाका. दोघांनी मिळून माझं डोकं उठवलंय. गेल्या रविवारी आम्ही नागपुरात चार खोल्या पाहिल्या. मालकीणबाई कौतुकानं खोली दाखवत होत्या आणि मी मात्र भिंतीभिंतीनं फिरत पंख्याचं बटण कुठे आहे ते शोधत होते. रिक्षात बसल्यावर लेक म्हणाली, "आई, तू खोली बघायला आलीस की धाड घालायला?" तिला काय सांगणार, कपाळ? हे असलं बघायला मला कोणी शिकवलं, ते तुला बरोबर ठाऊक आहे.

भिवंडीतल्या आपल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आठ खाटा होत्या आणि त्यांवर सोळा माणसं राहायची. पुढे पुण्यात शिकताना मैत्रिणींना हे सांगितलं की त्या माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. आपल्या गल्लीत मात्र ते शेंबड्या पोरालाही कळायचं. कापडाचे लूम बारा-बारा तासांच्या दोन शिफ्टमध्ये चालतात, मग खाटेनं एकाच शिफ्टची ड्युटी का करावी? एक उठून कामावर गेला की दुसरा कामावरून येऊन त्याच खाटेवर आडवा. उशी-चादर ज्याची त्याची, खाट तुझी. बाबा लूमवर जॉबर होते, बिघडलेले माग दुरुस्त करायचे, पण शेडचं काही विचारलं की "तुझ्या आईला विचार" म्हणून मोकळे व्हायचे. सकाळी आठ वाजले की तू हातात डाव घेऊन शेडमध्ये शिरतेस, खाटेच्या लोखंडी पायावर ठणठण वाजवतेस आणि ओरडतेस, "चलो भय्या, उठो! तुम्हारा टाइम हो गया. दुसरा आदमी खडा है." शेडमधल्या पंख्याचं बटण तू आपल्या स्वयंपाकघरात बसवून घेतलं होतंस. उकाड्यात बिचारे दारात येऊन "मौसी, पंखा" म्हणायचे, आणि तू भाकरी थापता थापता, "बिल कौन भरेगा?" एखादा तापानं फणफणला तर मात्र दोन्ही पाळ्या खाट त्याचीच, आणि त्याच्या जोडीदाराला तू आपल्या ओटीवर झोपवायचीस. पण हे तू कधी कुणाला कबूल केलं नाहीस.

एक्क्याण्णव साली मला पुण्यात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आणि हॉस्टेलच्या यादीत माझं नाव आलं नाही. पिंपरीला बाबांच्या चुलत बहिणीकडे मी स्वयंपाकघरात झोपत होते, आणि आत्या रोज पोहे देताना विचारायच्या, "झाली का गं सोय?" प्रॅक्टिकलं सुरू झाली होती. पिंपरीहून पोचेपर्यंत निम्मं उरकलेलं असायचं. सरांनी दोनदा बजावलं होतं की हजेरी अशीच राहिली तर टर्म जाईल. आणि तू? दर शुक्रवारी लूम बंद म्हणून एस.टी.नं पुण्याला यायचीस, माझ्याबरोबर खोल्या बघायचीस आणि एकेक नापास करायचीस. औंधला एक बाई म्हणाल्या, "मुलगी अगदी आमच्या घरचीच समजू हो." तू बाहेर आलीस, चप्पल घातलीस आणि म्हणालीस, "मी पन सगल्यांना हेच सांगतंय. चल." खडकीची खोली तर मला इतकी आवडली होती! खिडकी होती, खिडकीबाहेर चिंच होती. तिथल्या मालकिणीनं मीटर स्वतःच्या घरात असल्याचं सांगितलं आणि संपलंच. "न्हाय जमायचं. ही बाई माझ्यासारखीच हाय." मी रस्त्यातच ओरडले, "मग तू काय वाईट आहेस का?" तू थांबलीस, जरा विचार केलास आणि म्हणालीस, "मी लय चांगली हाय. पन कुनाच्या पोरीनं माझ्या खाटेवर ऱ्हावं, असं न्हाय वाटत मना." असे पाच शुक्रवार गेले. माझी टर्म जायची वेळ आली होती आणि तुला मीटर सापडत होते. मी तेव्हा तुझ्यावर जितकी चिडले तितकी नंतर नवऱ्यावरही कधी चिडले नाही.

मग पडघ्याची आजोबांची जमीन गोदामाला गेली आणि तुझ्या वाट्याचे पैसे हातात आले. मामानं तुला समजावलं, "पोरगी दोन वर्सांत लगीन करून जाईल. भाड्यानं घे न मोकली हो." तू म्हणालीस, "भाड्यानं घेतली तं दोन वर्सांनी हातात काय ऱ्हाईल? किल्ली पन परत द्यायची." आणि तू बोपोडीत दहा बाय दहाची खोली विकत घेतलीस. नळ सामाईक, संडास सामाईक, पण पंख्याचं बटण आत. ते तू तीनदा चालू-बंद करून पाहिलंस. खोली तुझ्या नावावर. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी तुझ्या नावावर होणार होतं, म्हणून तू आठवडाभर माझ्या जुन्या वहीत सही गिरवत होतीस. ते बघून माझा राग विरघळला होता, हे खरं. आता मला माझी खोली मिळाली, असं वाटलं होतं. केवढी भाबडी होते मी!

महिन्याभरानं एका संध्याकाळी लॅबमधून येते तो माझ्या खाटेवर एक परकी बाई भिंतीकडे तोंड करून गाढ झोपलेली. तू खाली बसून तांदूळ निवडतेस. मी तोंड उघडायच्या आत तू ओठांवर बोट ठेवलंस. "हलू. नर्स हाय ती, सातारकडची. रातची ड्युटी करते."

"आई, ही माझी खोली आहे."

"खोली माझी. खाट तुमची दोघींची. दिवसाची तुला कशाला पायजे खाट? तू तं बाटल्या हलवत असतेस तिकडं."

बाटल्या! माझ्या एम.एस्सी.च्या बाटल्या! मी रडले, जेवले नाही, दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू शांतपणे एस.टी. पकडून भिवंडीला गेलीस, आणि ती नर्स, माझी ताई, राहिली. त्यात ताई इतकी सज्जन, की तिच्याशी धड भांडताही यायचं नाही. सकाळी मी निघायची तेव्हा ती दमून दारात उभी असायची, आणि संध्याकाळी मी आले की ती वेणी घालून निघालेली. अंथरुणाला तिच्या डेटॉलचा वास. दोन वर्षं मी कुणाच्या तरी अंगानं कोमट झालेल्या गादीवर झोपले. मी भाडेकरू होऊ नये म्हणून खोली विकत घेतलीस आणि मला शेडमधला भय्या करून ठेवलंस. मैत्रिणींना घरी बोलवायचं म्हटलं की मला घाम फुटायचा. हे तुला कधी कळलंच नाही, की कळूनही तू कानाडोळा केलास, ते मी अजून ठरवू शकलेले नाही.

असो. नागपूरचं शेवटी काल ठरलं. भाड्यानंच घेतली. फ्लॅटवाल्या दिरांचा चेहरा पडला, पण विकत घेतलेल्या जागेचं काय होतं ते मी पाहिलंय. तुझी ती खोली तुझ्याच दवाखान्याच्या खर्चासाठी विकावी लागली. मी त्या मालकीणबाईंना मीटरचं विचारलं नाही. खोलीत दुसरी खाट मावेल का, एवढंच विचारलं. त्या म्हणाल्या, मावेल, पण मुलगी तर एकटीच राहणार ना? ह्यांनीही विचारलं, दुसरी कुणासाठी? मी म्हटलं, असू दे. बाजारात जाऊन स्वतः घेऊन आले. लेक म्हणते, आई, तुझं काही कळत नाही बाई. तिला सांगायचं म्हणजे पुढचं सगळं सांगावं लागेल, आणि ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस करतेय.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेआधी, भर उन्हात, तू न कळवता बोपोडीला आली होतीस. दारात उभी. पोटावर हात. "दोन दीस पडते गं जरा. दुखतंय." आपल्या डॉक्टरनं तुला मोठ्या इस्पितळात दाखवायला सांगितलं होतं, हे तू बोलली नाहीस. मीही विचारलं नाही. दोन वर्षांचा राग मी साठवून ठेवला होता आणि अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. दार मी अर्धंच उघडलं होतं. मी म्हटलं, "दिवसा ताई झोपते, रात्री मी. नियम तूच केलास ना?" तू माझ्याकडे बघितलंस आणि चक्क हसलीस. "बराबर हाय," म्हणालीस. मग आपण कोपऱ्यावरच्या टपरीवर उभ्यानं चहा घेतला आणि मी तुला एस.टी.त बसवून दिलं. ती दिवाळी तू पाहिली नाहीस.

ताई त्या आठवड्यात रजा घेऊन गावी गेली होती, आई. तू दारात माझ्याशी कुजबुजत बोललीस, तिची झोप मोडू नये म्हणून. आत कोणीच नव्हतं.