नवरा न कळवता येतो

नातान,

काल आम्ही तबिताला पुरलं आणि कबरीपाशीच तुझ्या आईने सांगितलं की माद्रिदमध्ये तुझं केव्हाच लग्न झालं आहे. म्हणून हे लिहिते आहे.

साखरपुड्याला पाळकांनी तुला आणि तबिताला एकाच पेल्यातून द्राक्षारस पाजला. जुन्या काळी यहुदी नवरा असंच वचन देऊन घर तयार करायला जाई आणि न कळवता वधूला न्यायला येई. ख्रिस्ताचं आपल्यावरचं प्रेम तसंच आहे, असं ते म्हणाले. तू घर करायला माद्रिदला गेलास. तुझे फोन थांबले, तेव्हा तबिता म्हणाली, "न कळवताच येणार ना, मावशी." सगळी मंडळी तिची श्रद्धा वाखाणू लागली.

हिवाळ्यात तिच्या फुप्फुसात पाणी झालं. क्लूज शहरातल्या इस्पितळात चल म्हटलं, तर म्हणाली, "येशूच्या दाखल्यातल्या, नवऱ्याची वाट पाहणाऱ्या कुमारी दिव्यांना तेल आणायला गेल्या, तेवढ्यात नवरा आला आणि दार बंद झालं. मी नाही जायची."

"तो नवरा वेगळा गं, वेडे."

"मग आमच्या हातात पेला कशाला दिला?"

तिला उचलून न्यायला हवं होतं.

तुझ्या आईला विचारलं, "ठाऊक होतं तर बोलली का नाहीस, वेतुरिया?"

"तिची श्रद्धा मोडवेना, बाई."

हे पत्र मी टाकणार नाही. तुझ्या बायकोने उघडलं तर तिचा काय दोष?

आज वेतुरियाच्या हाती दिले: तबिताने शिवलेले पडदे, एक जोडी, न वापरलेले. खिडकीचं माप तूच कळवलं होतंस.

सालोमिया