जुलैत सोडलेले मासे

१ जुलै

धाकट्या भावाचा, डेन्व्हरचा परत फोन. तेच तुणतुणं! "ताई, बाबांच्या बोटीची चावी काढून घे." ओहायोत बसून फर्मानं सोडायला याचं काय जातंय? म्हणे बाबांनी एकाच सकाळी दोनदा फोन करून तीच गोष्ट सांगितली. अरे, मग ऐक ना दोनदा! बाप आहे तुझा. मी म्हटलं, "धरण बांधून झालेल्या या तळ्याच्या तळाशी कुणाचं कुंपण बुडालंय तेसुद्धा त्यांना ठाऊक आहे. जन्मभर लोकांना बोटीतून नेऊन मासे दाखवले त्यांनी. घरात कोंडलंस तर हाय खातील." फोन आपटला आणि घरभर फिरत राहिले. शाळेचं स्वयंपाकघर ऑगस्टपर्यंत बंद, हाताला काम नाही, आणि उकाडा असा की एका जागी बसवत नाही.

३ जुलै

कड्याखाली मेलेला स्ट्रायपर मासा! माझ्या हाताएवढा लांब, पोट वर, अंगावरचे काळे पट्टे उन्हात फिके पडलेले. पुढे देवदारांची जमीन पाण्यात घुसते त्या टोकाशी आणखी दोन. कुणीतरी पकडून सोडतंय — आणि तेही जुलैत!

कोण हा शहाणा? एप्रिलमध्ये सोड ना बाबा हवे तेवढे, पाणी गार असतं, जगतात ते. पण आत्ता? आत्ता वरचं पाणी आंघोळीच्या पाण्यासारखं. मासे बिचारे पार खाली गारव्याला जाऊन बसलेत. तिथून ओढून वर आणला की तो संपलाच. सोडल्यावर शेपूट मारत जातो खरा, म्हणून माणूस खूश! आणि मग कुठेतरी दूर उताणा वर येतो. इथलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं: उन्हाळ्यात पहिले लागतील ते दोन आपले, लहान असोत की मोठे. ते बर्फात टाकायचे, गळ गुंडाळायचे, घरी जायचं. मी एवढीशी होते तेव्हा बाबांनीच शिकवलंय हे.

बाबांना सांगितलं नाही. उगाच रक्तदाब चढायचा.

४ जुलै

अंगणात मक्याची कणसं, घेवडा, फटाके. बाबा सकाळी पाण्यावर जाऊन आले, बर्फाची पेटी परत रिकामी. "लागत नाहीयेत गं," म्हणाले. पण चेहरा कसा टवटवीत! कणसं सगळ्यांपेक्षा जास्त त्यांनीच खाल्ली. घे, डेन्व्हर!

६ जुलै

आज आणखी मेलेले. एक मादी तर केवढी! तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच ओपलच्या दुकानात. ती आमिषाचे मासे विकते, सगळं तळं तिच्या काउंटरवर येऊन बडबडतं. तिथे तो किन्सी उभा — इंडियानाहून आलेला, नव्या लाल बोटीवाला. म्हटलं हाच! चारचौघांत झापला. "लाज नाही वाटत? एवढी महागडी बोट घेतलीत, दोन मासे खाता येत नाहीत?"

बिचारा लालबुंद. "बाई, मला तर अजून एकही लागला नाही हो!"

सगळे फिदीफिदी हसायला लागले. ओपल म्हणाली, "लोएटा, ह्याचे आमिषाचे मासेच पाण्यावर पोचेपर्यंत मरतात. हा स्ट्रायपर कुठून सोडणार?"

मी अशी खजील झाले! निघताना ओपलने हळूच बाबांची चौकशी केली, "हॉबर्ट बरे आहेत ना गं?" म्हटलं, ठणठणीत. ती डबे लावत बसली, वर बघेना.

असं का विचारलं तिने?

७ जुलै

झोप नाही. कुशी बदलून बदलून चादरीचा बोळा झाला. उद्या पहाटे त्या मेल्याला पकडतेच.

८ जुलै

काय लिहू.

उजाडता उजाडता माझी पत्र्याची बोट घेऊन देवदारांच्या टोकामागे दडून बसले. पाण्यावर धुकं, दहा हातांपलीकडचं दिसेना. मग गळाचं रीळ कुरकुरलं. दोरी ताणून गेल्याचा आवाज. मोठा होता — आवाजावरूनच कळतं. हातात वल्हं घट्ट धरलेलं, तोंडात शिव्या तयार. तेवढ्यात पाणी चुबुकलं आणि आवाज आला, "जा बाई, जा. पोरंबाळं वाढव."

हा आवाज मी कुठेही ओळखीन.

धुकं जरा हटलं. हिरवी बोट. बाबा तिच्या काठावर ओणवे, दोन्ही हात कोपरापर्यंत पाण्यात. अंगात लोकरीचं जाकीट! जुलैत! घामाने चेहरा नुसता निथळत होता. मला बघून एवढे खुलले की काय सांगू. "आलीस का? अगं, काय मासा होता! अंड्यांनी भरलेली मादी. सोडून दिली. पाणी मस्त गार आहे, जगेल."

मी हात पाण्यात घातला. ऊन ऊन पाणी. भांडी घासता येतील असं.

म्हणायचं होतं — बाबा, एप्रिल नाही, जुलै आहे हो. तोंडातून निघालं, "हो बाबा. जगेल."

ते पुढे गेले. मी तिथेच थांबले. ती मादी उताणी वर आली तेव्हा कल्ले अजून हलत होते. उचलून माझ्या बोटीत घेतली आणि मोठ्याने रडले. ऐकायला कोण होतं?

९ जुलै

मासा साफ केला, तळला. बाबा दोनदा वाढून घेऊन म्हणाले, "कुणी दिला गं? फारच छान आहे."

१० जुलै

डेन्व्हरला फोन केला. सगळं सांगितलं. "मी म्हणत नव्हतो?" असं तो म्हणालाच नाही. म्हणाला असता तर भांडता तरी आलं असतं. नुसता नाक ओढल्याचा आवाज. शनिवारी गाडी घेऊन येतो, बोट ओढून नेतो म्हणाला.

"पण त्यांना सांगायचं कुणी?" मी.

"तू सांग. मोठी आहेस."

"तू सांग ना! तूच हट्ट धरला होतास."

दोघांत कोणाचीच छाती होईना. कालपासून मी त्यांच्याबरोबर बोटीत बसते, दोन मासे झाले की काहीतरी निमित्त काढून परत आणते. आज पोट दुखतंय म्हटलं. उद्या काय सांगू? कसं सांगणार त्या माणसाला, की बाबा, आता तुम्ही पाण्यावर जायचं नाही? तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा चहा विचारला.

किन्सीला टोमॅटोची पिशवी देऊन आले. कान धरले.

११ जुलै

आजही नाही जमलं. उद्या डेन्व्हर येतोय.

१२ जुलै

सकाळी आमच्या धक्क्याच्या फळ्यांना एक मेलेला मोठा स्ट्रायपर, आधीच्या दिवसांतला, वाहत येऊन लागला. बाबा माझ्याआधी तिथे पोचले. आज डोळे अगदी स्वच्छ, आवाज जुना, खणखणीत. "जुलैत सोडलाय कुणीतरी! बघ, बघ काय केलंय! लोएटा, असल्या माणसाला परत पाण्यावर जाऊ देता कामा नये. शोध त्याला."

म्हटलं, "सापडला बाबा. बाहेरगावचा होता. आता नाही यायचा."