रुंद छपराचा कंदील

तळेगाव (श्यामजी पंत),
जानेवारी १९८२

प्रिय हेमराज,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र काल मिळालं. महाशिवरात्रीला येतोस हे ऐकल्यापासून तुझे बाबा अंगणात नुसत्या येरझारा घालताहेत. सात वर्षांनी पोरगा जपानातून घरी येणार म्हटल्यावर माणूस एका जागी बसेल कसा!

आता आमचा उद्योग सांगते, हसू नकोस. मागच्या वर्षी तू फोटो पाठवलास ना, तिथल्या बागेत दगडी कंदिलाजवळ उभा असलेला? तो यांनी फारच मनावर घेतला. आपल्या विहिरीजवळ तशीच बाग करायची. "पोराले घर परकं नाई वाटलं पायजे," हे एकच पालुपद. वांग्याचे वाफे मोडले, बैलबंडीनं नदीतले गोटे आणून पसरले. फोटोत शेवाळ दिसतं म्हणून रोज घागरी ओतल्या. आपल्या उन्हात शेवाळ कसलं धरतं! गोट्यांमधून घोळ उगवली, तिची मी भाजी केली.

कंदिलाचं काम आष्टीच्या नत्थूजी पाथरवटाला दिलं. तो आपला पाटे-वरवंटे घडवणारा, पण फोटो पाहून त्यालाही हौस चढली. तीन कंदील करून ठेवले आणि म्हणाला, पसंत पडेल तो न्या. एकाला वर कळस होता. हे म्हणाले, "हा नको, शेजारची मंदाबाई याले शेंदूर फासन." दुसरा उंच, निमुळता, मला आवडलेला. तिसरा बुटका, रुंद छपराचा, हुबेहूब तुझ्या फोटोतला. नत्थूजीनं बजावलं, "बापूराव, याची कड पातळ आहे. वरून कवठ पडलं त फुटन." मीही म्हटलं, निमुळताच घ्या. पण हे फोटो हातात धरून त्या रुंद छपराभोवतीच फिरत राहिले, आणि तोच बंडीत घातला.

पुढच्याच आठवड्यात यांनी विहिरीजवळचं कवठाचं झाड तोडलं. कंदिलाची कड फुटू नये म्हणून. मी रागानं बोलणंच टाकलं होतं. मग एका संध्याकाळी यांनी कंदिलात दिवा लावला आणि मला हाक मारून दाखवला. तेव्हाचा त्यांचा चेहरा पाहिला आणि माझा राग टिकला नाही रे.

कालचं तुझं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन ठिकाणी मात्र गाळलं. तो फोटो सोबत्यांनी बळेच काढला, कंदिलाकडे तू धड पाहिलंही नव्हतंस, हे एक. आणि शिवरात्रीला विहिरीजवळच्या कवठाखाली बसून गुळाशी कवठ खायचं, सात वर्षं तेवढंच डोळ्यांपुढे आहे, हे दुसरं. तिथं मी वाचता वाचता अडखळले. यांना वाटलं, आनंदानं.

म्हणून घाईनं लिहिते आहे. तू निघायच्या आत हे हाती पडो. आल्यावर झाडाचं विचारू नकोस. बाबा कंदिलाजवळ उभे असतील, त्यांच्याशेजारी जाऊन उभा राहा. छपरावरून हात फिरव, अगदी तिथल्यासारखा आहे म्हण. कवठं मी आष्टीच्या बाजारातून आणून ठेवीन. ती चुलीपाशी बसून खा, बाहेर नेऊ नकोस.

तुझीच,
आई