कंट्रोलचं दूध

सोमवार, ४ मार्च. सकाळी ९.
औषध टोचलेल्या गाईचं दूध किती दिवसांनी पिण्याजोगं होतं, हे ठरवायचं काम अखेर माझ्याकडे आलं. रिपोर्ट नीट गेला की सेक्शन हेडची खुर्ची आपलीच. आजपासून शिस्त. चहा बंद.

त्याच दिवशी, दुपारी ४.
डोकं चढलं. कॅन्टीनची वेळ संपलेली. लॅबच्या फ्रिजमध्ये कंट्रोलची बाटली होती. म्हणजे औषधाचा थेंबही न दिलेल्या गाईचं दूध, तुलनेसाठी ठेवलेलं. याहून निर्धोक दूध जगात कुठलं? अर्धा कप घेतला. हा शेवटचा चहा.

बुधवार, ६ मार्च.
शेवटचे सहा झाले. बाटली तळाला गेली. कॅन्टीनमधून दूध आणून भरली. दूध ते दूध.

गुरुवार, ७ मार्च.
मशीन बिघडलं. कंट्रोलमध्येच अँटिबायोटिक दाखवतंय, तेही मर्यादेच्या तिप्पट. ज्युनिअर (आम्ही तिला पिपेट म्हणतो) म्हणाली, मशीन ठीक आहे. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. कामाची शिस्त नाही या पोरींना.

शुक्रवार, ८ मार्च.
मशीन खरंच ठीक निघालं. म्हणजे गाय लबाड. गोठ्याच्या डॉक्टरांना तसं कडक पत्र टाकलं. त्यांचा फोन आला. म्हणाले, ती वासरू होती तेव्हापासून मी तिला पाहतोय, यंदा सुईसुद्धा लावलेली नाही. आवाज भरून आला होता. वाईट वाटलं. पण विज्ञानात भावनेला थारा नाही.
बायकोने विचारलं, बाटलीत कुणी काही ओतलं तर नाही ना? भारी संशयी स्वभाव.

सोमवार, ११ मार्च.
पिपेटने गाईचं दूध परस्पर मागवून तपासलं. स्वच्छ. मग कंट्रोलवरची साय कॅन्टीनच्या दुधासारखी पातळ दिसली म्हणून तेही तपासलं. औषध तिथेच! अख्खं ऑफिस रोज तेच पितंय. संचालकबाईंनी पुरवठा तडकाफडकी थांबवला. उद्याच्या मीटिंगमध्ये पिपेटचं कौतुक आहे म्हणे. आयत्या बिळावर नागोबा. मी नसतो तर हा शोध लागला असता का? उद्या सांगणारच.

मंगळवार, १२ मार्च. दुपारी १.
सांगितलं. ताठ उभा राहून. शोध मुळात माझा, कारण कॅन्टीनचं दूध त्या बाटलीत मीच ओतलं.
मग बाईंनी चष्मा काढून विचारलं, आधीचं दूध कुठे गेलं?

त्याच दिवशी, संध्याकाळी ५.
खुर्ची पिपेटला. मी उद्या गोठ्यावर जाऊन डॉक्टरांची माफी मागायची, असा लेखी हुकूम आहे. गाईचा त्यात उल्लेख नाही. पण तिचीही मागेन म्हणतो.